सामन्याला न आलेल्या खेळाडूचं काय करायचं?

सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात नुकतेच रुजू झालेले क्रीडा संचालक विचारतात. नाव-गाव गाळून प्रश्न थोडक्यात देतो. कबड्डीच्या विभागीय स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या दिवशी त्यांचे दोन खेळाडू आलेच नाहीत. एक संघाचा मुख्य चढाईपटू. पुढच्याच आठवड्यात त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. त्यानं ते कॅप्टनच्या कानावर घातलं होतं, सरांना सांगायचं धाडस झालं नाही. दुसरा कोपरारक्षक. ‘ताप आलाय’ असा निरोप धाडला आणि त्याच रात्री शेजारच्या गावात बक्षिसाच्या सामन्यात, दिव्यांच्या झगमगाटात पकडी करताना व्हिडिओत सापडला. संघ हरला. प्राचार्य म्हणतात, दोघांकडून किटचे पैसे वसूल करा, क्रीडा गुणांची शिफारस पाठवू नका, हॉल तिकीट अडवा आणि पुढच्या वर्षी दोघांना मैदानात पाय ठेवू देऊ नका. वर दाखला अमेरिकेचा: तिकडंही कॉलेजची पोरं ऐन वेळी सामने सोडतात, तिकडंही शिक्षेची ओरड चालू आहे. सरांचा प्रश्न असा, की शिक्षा असावी का, आणि असली तर किती?

सर, माझी सगळी नोकरी याच जिमखान्याच्या खोलीत गेली. त्यामुळं उत्तर आधी देतो आणि कारणं मागाहून. खोटं बोलून किंवा काहीच न सांगता गायब होणाऱ्याला शिक्षा हवी. वेळेत समोर येऊन ‘सर, हा सामना मी खेळत नाही’ म्हणणाऱ्याला नको, मग त्याचं कारण आपल्याला पटो वा न पटो. आणि जी काही शिक्षा असेल ती मैदानातच संपली पाहिजे. परीक्षा, हजेरी, दाखला या गोष्टींना तिनं हात लावायचा नाही. तुमच्या दोघांना एकाच दावणीला बांधणं हीच प्राचार्यांच्या प्रस्तावातली पहिली चूक आहे.

आता अमेरिकेचं, कारण तो विषय अर्ध्यावर सोडलेला दिसतो. तिकडं कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल हा मोठा धंदा आहे. नेहमीचा हंगाम डिसेंबरच्या तोंडावर संपतो आणि मग ‘बाउल’ नावाचे सामने होतात. प्रायोजक, टीव्ही, भरलेली स्टेडियम, सगळं असतं, पण त्यातल्या बहुतेक सामन्यांचा विजेतेपदाशी संबंध नसतो. एप्रिलमध्ये व्यावसायिक लीगची निवड होते. तिथं वरच्या क्रमांकावर निवड झाली तर करार कित्येक कोटींचा, खाली घसरली तर त्याच्या तुकड्यावर समाधान. २०१६ च्या पहिल्याच दिवशी फिएस्टा बाउलमध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला. लिगामेंट तुटली, मज्जातंतूला इजा झाली. पहिल्या काही निवडींत तो जाणार असं सगळे धरून चालले होते. तो गेला चौतिसावा आणि पहिला अख्खा हंगाम त्याला बाहेर बसून काढावा लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोघांनी आपापले बाउल सामने खेळणार नाही म्हणून जाहीर करून टाकलं. ‘संघाला दगा दिला’ म्हणून बोंब झाली. चार महिन्यांनी फोर्नेट चौथा निवडला गेला, मॅकॅफ्री आठवा. तेव्हापासून तिकडं ही वाट मळून गेली आहे. ३० डिसेंबर २०२३ ला तर फ्लोरिडा स्टेटचा संघ ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला. पूर्ण हंगाम अपराजित राहूनही विजेतेपदाच्या चार संघांत त्यांना घेतलं नव्हतं, त्यामुळं बरेचसे मुख्य खेळाडू त्या सामन्याला उतरलेच नाहीत.

यातल्या दोन गोष्टी प्राचार्यांपुढं ठेवा. एक म्हणजे तिकडचा खेळाडू सहसा विजेतेपद ठरवणारा सामना सोडत नाही, सोडतो तो शोभेचा. आपल्याकडंही शोभेचे सामने थोडे नाहीत. संस्थापकांच्या जयंतीचा चषक, कुणाच्या वाढदिवसाचा चषक, पाहुण्यांनी नारळ फोडायचा म्हणून भर उन्हात ठेवलेला प्रदर्शनीय सामना. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत हजर राहिलेला पोरगा अशा चषकाला आला नाही म्हणून त्याला कारणे दाखवा नोटीस गेल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. ती नोटीस खेळासाठी नसते हे पोरांनाही कळतं, आणि मग खरी नोटीस गेली तरी ते तिची तेवढीच किंमत करतात.

दुसरी गोष्ट पैशाची. तिकडं वर्षानुवर्षं खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडं काही मिळत नव्हतं. १ जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता यायला लागलं आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. आता तिथले लोक म्हणू लागलेत की पैसे घेता तर करारात लिहा, सगळे सामने खेळा, नाहीतर परत करा. हे रास्त आहे. घेतलेल्या मोबदल्याच्या बदल्यात बंधन, हा सरळ व्यवहार झाला. पण या फूटपट्टीनं आपलं मोजमाप करायचं तर आधी आपण काय देतो ते मोजावं लागेल.

एक टी-शर्ट, एक शॉर्ट, चांगल्या संस्थेत असाल तर ट्रॅकसूट. एसटीचं भाडं आणि दिवसाचा भत्ता, ज्यात दोन वेळचं जेवण जेमतेम बसतं. हजेरीत सवलत. वर्षाअखेर क्रीडा गुणांची शिफारस. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर ‘कलर’ म्हणून विद्यापीठाकडून मिळणारा मान आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्राचं मोल मी कमी लेखत नाही. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि वरच्या स्तरावर पदक मिळवलेल्या पोराला ते खरंच उपयोगी पडतं. पण विभागीय स्पर्धेत तिसऱ्या फेरीत हरणाऱ्या बारा जणांपैकी किती जणांना? त्यांना आपण शिस्त, संघभावना, कॉलेजचं नाव असं सांगतो. सांगावंही. मात्र ज्या बळावर हॉल तिकीट अडवायचं, तेवढं आपण त्यांना दिलेलं नसतं.

याच भागातलं जुनं उदाहरण आहे, सगळ्यांना माहीत असलेलं, पण या चर्चेत कुणी काढत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे कमी पडत होते. त्यांचे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. अशा प्राचार्यांनी ‘बाबा, उद्याची कुस्ती तुला खेळायलाच हवी’ म्हटलं असतं तर त्या शब्दाला वजन होतं. गोष्टीचा दुसरा भाग असा, की हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर खाशाबांना जवळजवळ लगेच सोव्हिएत रशियाच्या मल्लापुढं उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांच्या बाजूनं बोलायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेला माणूस मॅटवर गेला आणि हरला. खेळाडू हजर, व्यवस्था गैरहजर. नोटीस कुणाला काढायची?

आता तुमच्या चढाईपटूकडं येतो, कारण मला खरी अडचण तिथं वाटते.

आपल्या भागात पोलीस भरती आणि सैन्य भरती काय चीज आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, इकडं साताऱ्यात माण-खटाव. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि दोन भाऊ आहेत, तिथं कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या पायावर सगळं घर डोळे लावून बसलेलं असतं. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण: १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. एकेका गुणावर यादी ठरते. कबड्डीत काय होतं? चढाई करून परतताना घोट्याची पकड होते, वरून तिघं अंगावर येतात, पाय मातीत रुतलेला आणि गुडघा फिरलेला. घोटा साधा मुरगळला तरी तीन आठवडे गेले. म्हणजे त्या वर्षीची भरती गेली. पुढची कधी निघेल कुणास ठाऊक. सैन्याच्या भरतीत तर वयाची अट अशी आहे की एक वर्ष गेलं तर कायमचंच गेलं. मॅकॅफ्रीनं जो हिशेब मांडला तोच या पोरानं मांडला. त्याचा आकडा डॉलरमध्ये होता, याचा शिपायाच्या पगारात. माझ्या लेखी याचा हिशेब जास्त गंभीर आहे, कारण मॅकॅफ्री आठवा न निवडता अठ्ठाविसावा निवडला गेला असता तरी त्याच्या घरची चूल पेटायची थांबली नसती.

प्राचार्य म्हणतील, दुखापतीच्या भीतीनं घरी बसायचं तर खेळता कशाला? बरोबर आहे. पण मग दुखापत झाल्यावर कॉलेज काय करणार, हेही त्यांनी त्याच दमात सांगावं. गुडघ्याचं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलं तर सांगली-मिरजेच्या खासगी रुग्णालयात खर्च लाखाच्या पुढं जातो आणि मैदानावर परतायला सहा ते नऊ महिने, कधी वर्ष. तुमच्या कॉलेजचा विद्यार्थी अपघात विमा असेल. कार्यालयात जाऊन त्याची पॉलिसी एकदा स्वतः वाचा. मृत्यू आणि कायमचं अपंगत्व एवढ्यालाच तो लागू असतो की लिगामेंटच्या शस्त्रक्रियेलाही, मर्यादा किती, स्पर्धेच्या प्रवासात झालेली दुखापत धरतात का, कागद किती दिवसांत द्यायचे. हे वाचून झालं की शिक्षेच्या गप्पा आपोआप मऊ होतात, असा माझा अनुभव आहे.

सांगलीचाच संकेत सरगर आठवा. २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, वेटलिफ्टिंगचा ५५ किलो वजनी गट. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५. दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं. तरी तो तिसऱ्याला आला, वजन पेललं नाही आणि सुवर्ण एका किलोनं हुकलं: त्याचे २४८, मलेशियाच्या खेळाडूचे २४९. पुढं त्या हातावर शस्त्रक्रिया झाली. त्या तिसऱ्या प्रयत्नाचं कौतुक सगळ्यांनी केलं आणि मीही करतो. पण तो निर्णय त्याचा होता, राष्ट्रकुलच्या पदकासाठी होता आणि बाजूला डॉक्टर उभे होते. आपल्या विभागीय स्पर्धेत थर्मासमध्ये बर्फ, एक स्प्रे आणि क्रेप बँडेज असतं, तेही यजमान कॉलेज चांगलं असेल तर. संकेतचं उदाहरण देऊन पोराला दुखऱ्या पायानिशी उतरवणारे शिक्षक मला मुळीच आवडत नाहीत.

म्हणून चढाईपटू न खेळल्याबद्दल मी त्याला काही करणार नाही. त्याची चूक एकच: तुम्हाला सांगितलं नाही. आणि त्या चुकीत तुमचाही वाटा तपासा. पोरगा कॅप्टनला सांगतो आणि सरांना सांगत नाही, याचा अर्थ ‘नाही’ म्हटल्यावर सर काय करतील याची त्याला भीती होती. माझ्याकडं पहिल्याच बैठकीत, जुलैत, प्रवेश झाले की मी एक गोष्ट स्पष्ट करतो. भरती, परीक्षा, घरचं लग्न, शेतीचं काम, दुखणं, काहीही असो, स्पर्धेच्या तीन दिवस आधी मला येऊन सांगा, मी प्रश्न विचारणार नाही. तीन दिवसांत मी राखीव खेळाडू तयार करू शकतो. आदल्या रात्री अकराला आलेल्या मेसेजवर नाही. अर्थात विद्यापीठाचं वेळापत्रकच कधीकधी आदल्या संध्याकाळी बदलून येतं. तेव्हा पोरांना तीन दिवसांचा नियम लावायचा नसतो, हेही ओघानंच आलं.

शेतीचं काम म्हटलं म्हणून सांगतो. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यातल्या पोरांची ऑक्टोबरमधली गैरहजेरी वेगळ्या नजरेनं बघा. द्राक्षाची छाटणी आणि आपल्या स्पर्धा एकाच सुमाराला येतात. छाटणीची टोळी ज्या दिवशी मिळते त्या दिवशी बाग उरकावी लागते, छाटलेल्या काडीला पेस्ट लावायला माणसं कमी पडतात आणि घरचा तरणा पोरगा ‘मॅच आहे’ म्हणून निघाला तर बाप काय म्हणेल ते मी लिहीत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणारी पोरंही आपल्या संघात असतात. बदली कामगार दिल्याशिवाय त्यांना सुट्टी मिळत नाही. ही सगळी कारणं खरी असतात आणि ती आधीच माहीत असतात. मग जुलैतच विचारून का ठेवू नयेत? मी वहीत प्रत्येकाच्या नावापुढं लिहून ठेवतो: बाग कधी छाटणार, कारखान्यातली पाळी कुठली, भरतीचा अर्ज कुठं भरलाय. संघ बारा जणांचा असतो तो याचसाठी. दोन पोरं आली नाहीत म्हणून सामना हरला, यात उरलेल्या दहांच्या तयारीचाही प्रश्न असतो. तो प्रश्न आपल्याच दारात येतो, म्हणून आपण तो विचारत नाही.

मुलींचं सगळंच निराळं आहे आणि त्यावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण शिक्षेचे नियम करणारे बहुतेक जण मुलांचा संघ डोळ्यांसमोर ठेवून करतात.

मुलगी सामन्याला आली नाही तर तो निर्णय बहुतेक वेळा तिचा नसतो. मुक्कामी स्पर्धा म्हटल्यावर घरून नकार येतो. बरोबर बाई शिक्षिका नाही म्हटल्यावर तर येतोच, आणि तो योग्यच असतो. यजमान कॉलेजात कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, ही माहिती एका वर्षी एका मुलीनं घरी सांगितली की पुढच्या वर्षी चार जणींची नावं गळतात. मासिक पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे तिनं ठरवायचं. पण आमच्यासारख्या पुरुष शिक्षकाला ते सांगता येत नाही म्हणून ती ‘डोकं दुखतंय’ म्हणते आणि आपण तिला खोटारडी ठरवतो. शेवटच्या वर्षाला लग्न ठरतं, आणि ठरलं की सासरच्यांना शॉर्टमधले फोटो नकोत म्हणून खो-खो सुटतो. अशा मुलीला नोटीस काढली तर ती नोटीस घरी जाते, आणि घरचे म्हणतात, बरं झालं, एवीतेवी बंदच करायचं होतं. आपण दिलेल्या शिक्षेचा उपयोग नेमका त्यांना होतो ज्यांना तिचा खेळ नकोच होता.

त्यामुळं माझा एक पाळलेला नियम आहे. मुलगी गैरहजर राहिली तर पहिला फोन तिच्या घरी करायचा नाही. आधी तिला कॉलेजात येऊ द्यायचं, बाई शिक्षिकेला किंवा संघातल्या सीनियर मुलीला तिच्याशी बोलू द्यायचं. घरी बोलायची वेळ आली तर तक्रार सांगायला जायचं नाही. मुक्काम कुठं आहे, बरोबर कोण आहे, परत किती वाजता येणार, हे सांगायला जायचं. साताऱ्याच्या आदिती स्वामीचं नाव आता घराघरात पोचलंय. २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. माणच्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. या दोन नावांनी माझं काम पुष्कळ सोपं केलंय. आई-बाप ऐकून तरी घेतात.

मुलांच्या बाबतीतही वीस वर्षांच्या पोराच्या वडिलांना फोन लावणं मला फारसं पटत नाही. तो मतदान करतो, भरतीचा अर्ज स्वतः भरतो. त्याच्या गैरहजेरीचं उत्तर त्यानंच द्यावं.

आता तुमचा कोपरारक्षक. त्याला शिक्षा हवीच, यात मला शंका नाही. बक्षिसाचे सामने वाईट असं मी म्हणणार नाही. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून गावोगावच्या मंडळांचे सामने मॅटवर, दिव्यांत व्हायला लागलेत, बक्षिसं वाढलीत आणि चांगल्या पकडपटूला बाहेरगावचा संघ प्रवासखर्च देऊन बोलावतो. पैलवानांचं तेच आहे. कुंडलसारख्या कुस्ती मैदानात मनासारखी जोड लागली तर तो पोरगा त्या आठवड्यात कॉलेजच्या निवड चाचणीत अंग मोडून घ्यायला येणार नाही. खुराकाचा खर्च कॉलेज देत नाही, मैदान देतं. तेही मला समजतं. या पोरानं ‘सर, तिकडं दोन हजार मिळतायत, मी तिकडं जातो’ असं तोंडावर सांगितलं असतं तर मी चिडलो असतो, पण शिक्षा केली नसती. संघातली त्याची जागा तेवढी गेली असती. त्यानं तापाचं खोटं सांगितलं आणि दहा जणांना सकाळी मैदानावर त्याची वाट बघायला लावलं. अशा खोट्याची सवय लागली की खरा ताप आलेल्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि आजारी पोराला खेळवण्याची वेळ तिथूनच येते.

शिक्षा कुठली? आधी त्याला समोर बसवून ऐका. एकटे ऐकू नका, जिमखाना समितीतले एक शिक्षक आणि संघाबाहेरचा एक सीनियर खेळाडू बरोबर घ्या. व्हिडिओ कधीचा, कुठला, हेही नीट बघा. जुना व्हिडिओ नव्या तारखेनं फिरवणारे महाभाग आपल्याकडं कमी नाहीत. खरं निघालं तर या हंगामातल्या उरलेल्या कॉलेज स्पर्धांतून तो बाहेर. सराव मात्र बंद करू नका, उलट सरावाला रोज यायला लावा. कॅप्टनपद, उपकॅप्टनपद पुढच्या वर्षी नाही. घेतलेला पण न वापरलेला भत्ता परत. वापरलेल्या किटचे पैसे मागू नका. घामेजलेल्या टी-शर्टची वसुली करणारं कॉलेज चांगलं दिसत नाही, आणि लेखापरीक्षणात ती रक्कम कुठं दाखवायची हाही एक ताप. पुढच्या जुलैत त्याचा पट कोरा. निवड चाचणी सगळ्यांबरोबर द्यायची, पास झाला तर संघात.

कायमची बंदी घालू नका. कॉलेजची तीन वर्षं असतात, त्यातलं एक गेलं तर पुष्कळ झालं.

क्रीडा गुणांबद्दल प्राचार्यांना फार समजवावं लागेल. त्यानं वर्षभर जे सामने खेळले त्याचे नियमानं जे गुण बसतात ते त्याचे आहेत, आपल्या मेहेरबानीचे नाहीत. न खेळलेल्या सामन्याचे द्यायचे नाहीत, खेळलेल्याचे कापायचे नाहीत. हजेरीचंही तसंच. ७५ टक्क्यांच्या हिशेबात ज्या दिवशी तो स्पर्धेला आला नाही तो दिवस स्पर्धेचा म्हणून धरू नका, इतकंच. हॉल तिकिटाचा आणि खेळाचा काडीचा संबंध नाही. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवण्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०१८ मध्येच कॉलेजांना स्पष्ट मनाई केलेली आहे. कुणा हुशार कारकुनानं टीसी अडवायची शक्कल सुचवली तर ती आठवण करून द्या.

एक अपवाद सांगतो, नाहीतर मी फार सढळ वाटेन. रिले. चार बाय शंभरच्या संघातली एक मुलगी किंवा मुलगा सकाळी आला नाही आणि राखीवांतलंही कुणी तयार नसलं, तर उरलेल्या तिघांचं वर्ष जातं. कबड्डीत सातव्याच्या जागी आठवा उभा राहतो, इथं तसं होत नाही. रिलेत नाव दिलं की ते मी शब्द दिल्यासारखं धरतो आणि सकाळी माघार घेणाऱ्याला, खरं दुखणं नसेल तर, पुढच्या वर्षी रिलेत घेत नाही. वैयक्तिक शर्यतीत हवं तर धावू दे. खेलो इंडियाची शिष्यवृत्ती घेणाऱ्या खेळाडूंनाही मी कडक नियम लावीन. त्यांना हातखर्चाला महिना १० हजार मिळतात, राहणं-खाणं-प्रशिक्षण वेगळं. तिथं अमेरिकेचा नवा न्याय लागू पडतो. तुमच्या कबड्डी संघात असा कुणी नसेल असं धरून चालतो.

आणि वेळेत सांगून न खेळणाऱ्याचं काय, त्याला काहीच नाही? आहे की. त्याच्या जागी जो खेळला आणि चांगला खेळला, त्याला पुढच्या सामन्यात बाहेर बसवायचं नाही. परत येणाऱ्यानं जागा मिळवायची. याला मी शिक्षा म्हणत नाही, पण पोरांना ती कुठल्याही नोटिशीपेक्षा जास्त लागते. चढाईपटूला हेच सांगा: भरती झाली की ये, चाचणी दे. तोवर तुझ्या जागी दुसरा आहे.

प्राचार्यांशी बोलताना त्यांचा राग चुकीचा आहे असं म्हणू नका. संघ हरल्याचं त्यांना वाईट वाटलंय ही चांगलीच गोष्ट, बऱ्याच ठिकाणी कबड्डीचा संघ आहे की नाही हेही प्राचार्यांना ठाऊक नसतं. अर्ध्या पानाचा नियम लिहून घेऊन जा. तीन दिवसांची सूचना, ऐकून घेणारी समिती, शिक्षा फक्त संघनिवडीत, दुखापतीचा खर्च कसा भागवायचा. शेवटच्या ओळीवर ते अडतील. अडू द्या. विम्याचा हप्ता वाढवायला किती लागेल याचा आकडा विमा कंपनीकडून आधीच आणून ठेवा, जिमखाना निधीतून निघतो का ते लेखापालांना विचारून ठेवा. तो आकडा आणि नोटीस एकाच टेबलावर ठेवली की बोलणं सरळ होतं. हा नियम या वर्षीच्या दोघांना मागून लावू नका, पुढच्या जुलैपासून लावा आणि प्रवेशाच्या वेळी प्रत्येक खेळाडूची सही घ्या.

हॉल तिकिटाचं मात्र जुलैपर्यंत थांबवू नका. अडवायची यादी परीक्षा विभागात गेली असेल तर ती दोन नावं काढून घेण्याचं पत्र उद्याच द्या आणि पोचपावती घ्या. चढाईपटूची मैदानी चाचणी झाली की लेखी परीक्षा लागते आणि ती बहुधा सेमिस्टरच्या पेपरांच्या आसपासच येते. त्याला दोन्हीकडं बसायचंय.